सुळ्याचं मूळ आणि जबड्याची वाढ

‘दुधाचे सगळे दात पडू देत, मग बघू,’ असं चेंबूरमधले आई-वडील दंतवैद्याला आजही सहज सांगतात. नुसते दात वेडेवाकडे असतील तर थांबून फारसं बिघडत नाही. पण खालचा जबडाच मागे राहिला असेल, तर थांबणं महागात पडू शकतं. खालचा जबडा पुढे आणणारी ट्विन ब्लॉकसारखी उपकरणं अंगात वाढीचा जोर असतानाच चांगला गुण देतात. हा जोर मुलींत मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी येतो. त्यामुळे एकाच वर्गातली बारा वर्षांची दोन मुलं वाढीच्या हिशेबात फार वेगळ्या जागी असू शकतात. जन्मतारखेवरून हे कळत नाही.

दातांवरून वय ओळखायची खटपट जुनी आहे. गिरण्यांत राबणाऱ्या पोरांचं खरं वय कळावं म्हणून इंग्लंडमध्ये एडविन सॉन्डर्स यांनी हजारावर मुलांचे दात तपासले आणि १८३७ मध्ये निष्कर्ष पार्लमेंटपुढे ठेवले. एक्स-रे आल्यावर हाडांकडे लक्ष वळलं. ग्रॉयलिख आणि पाइल यांचा हाता-मनगटाच्या एक्स-रेंचा अ‍ॅटलस १९५० साली निघाला आणि पुढे दातांना तारा लावण्याआधी मनगटाचा एक्स-रे काढायची रीत पडली.

दात मागे पडले नाहीत. १९६० मध्ये कार्मेन नोला यांनी दात घडण्याचे दहा टप्पे मांडले. १९७३ मध्ये देमिर्जियान आणि सहकाऱ्यांनी मॉन्ट्रियलकडच्या फ्रेंच-कॅनेडियन मुलांवरून खालच्या डाव्या बाजूच्या सात दातांचे आठ टप्पे ठरवले. खरी उत्सुकता वाढली ती खालच्या सुळ्यामुळे. मुळाच्या आतल्या भिंती समांतर झाल्या आहेत, पण टोक अजून उघडं आहे, या सातव्या टप्प्याचा वाढीच्या उसळीशी मेळ बसतो, असं १९८० मध्ये चर्टकाव यांना दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या मुलांत दिसलं. तिथल्याच कृष्णवर्णीय मुलांत मात्र तो तसा बसला नाही. मला ही दुसरी नोंद अधिक मोलाची वाटते.

कारण आपल्याकडे तेच घडलं. दात-जबडे सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ मध्ये स्थापन झाली, तरी मोजपट्ट्या बाहेरच्याच राहिल्या. १९९८ मध्ये कोशी आणि टंडन यांनी देमिर्जियान यांची पद्धत दक्षिण भारतीय मुलांना लावली, तेव्हा वय सुमारे तीन वर्षांनी जास्त आलं. २०११ मध्ये धारवाडच्या अशित आचार्य यांनी भारतीयांसाठी वेगळी सूत्रं दिली. पुढच्याच वर्षी पेरिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उसळी अजून यायची आहे एवढं दात बऱ्यापैकी सांगतात. ती नेमकी आता आली आहे का, हे ठरवायला ते अपुरे पडतात. त्यासाठी बाजूने घेतलेल्या चेहऱ्याच्या एक्स-रेत दिसणारे मानेचे मणके पाहावे लागतात.

म्हणून एकट्या सुळ्याच्या मुळावर निर्णय सोपवू नये. पण ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एक्स-रे, बहुधा काढलेलाच असतो. त्यात मूळ फुकट दिसतं आणि मनगटाचा वेगळा एक्स-रे अनेकदा टळतो. त्याचा किरणोत्सर्ग अगदी थोडा असतो हे खरं, पण लहान मुलाला विनाकारण तोही कशाला? चेंबूरशेजारी अणुशक्तीनगरात १९८३ पासून अणुऊर्जा नियामक परिषद आहे. दातांच्या एक्स-रे यंत्रांवर देखरेख तिचीच. पालकांनी मुलाला सातव्या वर्षाच्या आसपास एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवावं, आणि जुना ओपीजी असेल तर नवा काढण्याआधी तोच पुढे करावा.