तुटलेला धागा आणि त्याचा शेजार

मंडळी, मागावर बसणाऱ्या विणकराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ताण्याचा एक धागा तुटला, तर त्याची दोन टोके गाठून काम पुढे चालवता येते. पण शेजारशेजारचे दोन धागे एकदम तुटले आणि हात घाईत असला, की ह्याचे टोक त्याला बांधले जाते. असाच घोटाळा कधी कधी आपल्या रक्त बनवणाऱ्या पेशीत होतो, आणि त्यातून जीवघेणा आजार उद्भवतो. तो कसा, ते ऐका.

प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाचा धागा असतो. त्याचे ४६ तुकडे. एकेक तुकडा म्हणजे एकेक गुणसूत्र. सगळे एकापुढे एक मांडले तर लांबी भरेल सुमारे २ मीटर, आणि केंद्रक तर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढे! हा धागा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो म्हणूनच मावतो. कुठे गुंडाळणी सैल, कुठे घट्ट.

क्ष-किरणांनी हा धागा तुटतो. पेशीच्या रोजच्या कामातही तुटतो. तुटल्याबरोबर आसपासच्या रिळांवर एक रासायनिक खूण उमटते (ती १९९८ साली ओळखली गेली) आणि त्या खुणेच्या रोखाने दुरुस्तीची प्रथिने धावतात. सैल भागात काम लवकर उरकते. घट्ट भागात मात्र वेळ लागतो. कडब्याच्या गंजीतली मधली पेंढी आधी बाहेर ओढावी लागते ना, तसेच हे. फळमाशीच्या पेशींत २०११ साली दिसून आले, की तुटलेली टोके आधी दाट भागाबाहेर सरकतात आणि मग सांधली जातात.

आता शेजाराची गोष्ट. केंद्रकात हे ४६ धागे वाडग्यातल्या शेवयांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात की काय? जर्मनीतील थॉमस आणि क्रिस्टोफ क्रेमर या भावांनी फार नामी युक्ती केली. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी घेऊन केंद्रकाच्या एकाच ठिपक्यावर त्यांनी लेसरचा बारीक किरण सोडला. शेवयांसारखा गुंता असता तर बहुतेक सर्व गुणसूत्रांना इजा झाली असती. झाली ती थोड्यांनाच! म्हणजे प्रत्येक गुणसूत्र आपापल्या वाफ्यात राहते. फक्त बांधावर शेजाऱ्याशी गाठ पडते.

आणि बांधावरच घात होतो. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना रक्ताच्या एका कर्करोगात एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ साली जॅनेट रौली यांनी उलगडा केला, की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली आहे. रक्ताच्या पेशींत ही दोन ठिकाणे पुष्कळदा जवळजवळ असतात. चुकीच्या सांध्यातून नवेच प्रथिन तयार होते, आणि ते पेशीला ‘वाढत राहा’ असा हुकूम देत सुटते.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात मुले विचारतील: हा रोग बापाकडून मुलाला येतो का? नाही. ही चूक जन्मानंतर एखाद्या पेशीत घडते. रोग्याच्या ताटात जेवल्याने तर तो मुळीच लागत नाही. आणि त्या प्रथिनालाच अडवणारे इमॅटिनिब हे औषध २००१ सालापासून वापरात आहे. ते गोळीच्या रूपात घरीच घेता येते. मात्र डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज एक दिवसही चुकवता कामा नये.