‘कशावरून?’ला उत्तर देता आलं पाहिजे!

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, की एक गडबड सुरू होते. थर्माकोल, रंगीत कागद, बॅटरीचे सेल, वायरी, डिंक... तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलेलं असतं! तिथे निवड झाली तर जिल्हा, मग राज्य आणि पुढे थेट राष्ट्रीय प्रदर्शन. मुलांचं हे राष्ट्रीय प्रदर्शन एनसीईआरटी ही दिल्लीची संस्था १९७१ पासून भरवत आली आहे. पारोळ्यातून निघालेलं उपकरण तिथपर्यंत जाऊ शकतं, बरं का!

प्रदर्शन तुम्हांला ठाऊकच आहे. पण याच जातीची आणखी एक गंमत आहे, ती पुष्कळांना माहीत नसते. तिचं नाव राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. ग्वाल्हेरच्या एका विज्ञानप्रेमी संस्थेने असा प्रयोग आधी करून पाहिला आणि १९९३ पासून तो देशभर सुरू झाला. १० ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी छोटा गट करायचा, आपल्याच गावातला एखादा प्रश्न निवडायचा, काही महिने त्याचा अभ्यास करायचा आणि जे सापडलं ते शास्त्रज्ञांसारखं उभं राहून मांडायचं. परिषदेला एक मुख्य विषय ठरवून दिलेला असतो. २०१२ साली तो ऊर्जा होता, २०१४ साली हवामान.

प्रदर्शन आणि परिषद यांत फरक कोणता? प्रदर्शनात आपण केलेली वस्तू मांडतो. परिषदेत आपण शोधलेलं उत्तर मांडतो. पण दोन्हीकडे परीक्षक एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. तो म्हणजे, ‘कशावरून?’

आता तुम्ही म्हणाल, “आम्ही खेड्यातली मुलं. आमच्याकडे ना प्रयोगशाळा, ना यंत्रं. आम्ही काय शोधणार?” असं कसं? चला, शेतात जाऊ या.

ठिबक सिंचन आपल्या खान्देशाला नवं नाही. भवरलाल जैन यांनी जळगावात उभ्या केलेल्या कारखान्यामुळे जळगावचं नाव ठिबकसाठी देशभर झालं. कपाशीच्या ओळीने पसरलेली ती काळी नळी तुम्ही कितीदा तरी ओलांडली असेल. पण एक प्रश्न कधी मनात आला का? पहिल्या झाडाला जेवढं पाणी मिळतं, तेवढंच शेवटच्या झाडाला मिळतं का?

झाला की प्रकल्प सुरू! सामान काय लागेल? पाच-सहा सारखी भांडी, दुधाचं माप, घड्याळ आणि वही. नळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि टोकाला भांडी ठेवा. समजा, ठिबकच्या तोटीतून ताशी ४ लिटर पाणी पडायला हवं. मग १५ मिनिटांत किती पडेल? बरोबर, १ लिटर. आता मोजा. टोकाच्या भांड्यात पाणी कमी निघालं, तर कारण शोधायचं. पाणी नळीतून लांब जाताना घासलं जातं आणि त्याचा दाब कमी होतो. जमिनीला चढ असला तर तो आणखी घटतो. शिवाय विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, बारीक गाळ असतो. तो तोटीच्या बारीक वाटेत अडकून बसतो.

खरी इंजिनिअरिंग पुढेच आहे. घरच्यांना विचारून गाळणी धुवा आणि परत मोजा. मग नळीचं टोक उघडून साचलेला गाळ वाहू द्या आणि परत मोजा. पण लक्षात ठेवा, एका वेळी एकच बदल! दोन्ही गोष्टी एकदम केल्या, तर फरक कशामुळे पडला ते सांगता येणार नाही. प्रत्येक मोजणी निदान तीनदा करा. एकदा आलेला आकडा चुकूनही आलेला असू शकतो.

शेत नाही? हरकत नाही. गल्लीतला गळका नळ तरी असेलच! अंदाजे २० थेंबांचं १ मिलिलिटर पाणी होतं. मिनिटाला ६० थेंब गळत असतील तर ३ मिलिलिटर. तासाला १८० मिलिलिटर आणि दिवसाला ४ लिटर ३२० मिलिलिटर! म्हणजे मधली कळशीभर नाही, पण तांब्यामागून तांब्या पाणी वाया. उन्हाळ्यात पाण्याची किंमत आपल्याला काही कुणी सांगायला नको. आपल्या गल्लीत असे किती नळ आहेत? ते मोजलं आणि वायसर बदलून पुन्हा मोजलं, तर तोही प्रकल्पच.

भांड्यात वाकून पाहणाऱ्या नातवाला आबा विचारतील, “काय करी राहिना रे?” त्यांनाही सांगा. पंचवीस वर्षं ज्यांनी पाणी भरलं, त्यांच्याकडून वहीत लिहिण्यासारखं पुष्कळ मिळतं.

ही वही फार महत्त्वाची. तारीख, वेळ, आकडा, जे दिसलं ते सगळं त्याच दिवशी लिहायचं. गाळणी धुऊनही काही फरक पडला नाही? तेही लिहा! फरक पडला नाही, हेही उत्तरच आहे. आकडा आवडला नाही म्हणून खोडायचा मात्र नाही.

आता थोडं पालकांशी बोलायचं आहे. दादा, ताई, प्रदर्शनात काही देखणी उपकरणं दुकानातून तयार आणलेली असतात, काही मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून घरच्या मोठ्यांनी केलेली असतात. दिवे लागतात, चाकं फिरतात. मग परीक्षक विचारतात, “बाळ, ही तार इथेच का जोडली?” आणि लेकरू गप्प! मान खाली जाते ती त्याची, आपली नाही. त्याच्या शेजारी खोक्याच्या पुठ्ठ्याचं वाकडंतिकडं उपकरण घेऊन उभी असलेली मुलगी मात्र घडाघडा बोलत असते, कारण तिने ते तीनदा मोडून चौथ्यांदा जोडलेलं असतं.

अमेरिकेत १९५० साली फिलाडेल्फिया शहरात अशीच एक स्पर्धा सुरू झाली. तेव्हा ३० मुलं होती. आज जगभरातून दीड हजारांवर मुलं तिथे प्रकल्प मांडतात. परीक्षण चालू असताना त्या दालनात आईवडील आणि शिक्षक यांना प्रवेश नसतो! मूल आणि त्याचं काम, एवढंच परीक्षकांसमोर. मोठ्यांनी जरूर मदत करावी. करवत, विजेची तार, उकळतं पाणी असेल तिथे तर जवळ उभंच राहावं. पण प्रश्न मुलाचा असावा, हातही मुलाचे असावेत.

पैशांची अडचण आहे? केंद्र सरकारची इन्स्पायर मानक नावाची योजना आहे. शाळेमार्फत मुलांच्या कल्पना पाठवायच्या असतात. कल्पना निवडली गेली, तर ती प्रत्यक्षात आणायला विद्यार्थ्याला १० हजार रुपये मिळतात. आपल्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना उद्याच विचारा. इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहू नका. स्वतः मोजलेलं साध्या मराठीतही ठणठणीत सांगता येतं.

नंबर सगळ्यांनाच मिळत नाही. तालुक्याहून जिल्ह्याला जाणारे थोडेच, बाकीचे टाळ्या वाजवून घरी येतात. पण घरी येताना ज्याच्या वहीत स्वतःचे आकडे आहेत, तो रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्या शेतातली शेवटची कपाशीही आता पोटभर पाणी पिणार असते!

तर मग, एक कोरी वही काढा. पहिल्या पानावर तुमचा प्रश्न लिहा. उत्तराला अजून वेळ आहे.