कॅप्टन नेमोची पुन्हां भेट

लहानपणीं वाचलेली साहसकथा प्रौढपणीं पुन्हां उघडतांना जुनी मोहिनी उतरून जाण्याचें भय वाटतें. आमच्या वाचनमंडळानें ज्यूल व्हर्न याची 'समुद्राखालीं वीस हजार लीग' ही कादंबरी पुन्हां वाचावयास घेतली, तेव्हां तें भय मलाही होतें. मोहिनी उतरली नाहीं. मात्र ती निराळ्याच जागीं सांपडली.

ही कथा १८६९-७० मध्यें एका फ्रेंच नियतकालिकांत क्रमशः प्रसिद्ध झाली. (नांवांतील लीग ही समुद्राची खोली नव्हे, प्रवासाची लांबी होय, आमच्यापैकीं निम्म्यांचा हा गैरसमज जन्मभर टिकला होता!) बालपणीं मनांत ठसतो तो महाकाय अष्टपादांशीं झालेला झगडा. या वेळीं मंडळ थबकलें तें सिंहलद्वीपानजीक. मोतीं काढणाऱ्या एका गरीब हिंदी पाणबुड्यावर शार्क मासा धांवून येतो आणि मनुष्यजातीशीं संबंध तोडलेला नेमो सुरा घेऊन त्या माशावर तुटून पडतो. पुढें त्या पाणबुड्याच्या हातीं तो मोत्यांची थैली ठेवतो. हा मनुष्य पीडित देशाचा आहे व मीही त्याच पक्षाचा, असें प्राध्यापक आरोनाक्स यांस सांगतो.

नेमो कोण, हें त्या पुस्तकांत कोठेंच सांगितलेलें नाहीं. व्हर्नच्या मनांत तो प्रथम रशियाचा वैरी असा पोलिश सरदार होता. प्रकाशक एत्झेल यानें त्यास हरकत घेतली. पुढें १८७४-७५ च्या 'गूढ बेट' या कादंबरींत तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावांत लढलेला, म्हणून प्रकट झाला. दोन्ही कादंबऱ्यांतील सन जुळत नाहींत. पण सिंहलद्वीपाचा तो प्रसंग आधींच लिहिलेला होता, हें विसरतां येत नाहीं.

खरा वाद पेटला तो शेवटीं. नेमो एक युद्धनौका खलाशांसह बुडवितो आणि मग एक स्त्री व दोन मुलें यांच्या चित्रापुढें गुडघे टेकून स्फुंदूं लागतो. सूड न्याय्यच, असें एक पक्ष म्हणे. त्या खलाशांनाही घरीं बायकामुलें असतील, असें दुसरा. आरोनाक्सचा आदर येथें भीतींत बदलतो, हें दुसऱ्या पक्षानें वारंवार दाखवून दिलें. तथापि मी पहिल्या पक्षांतून पुरता हललों नाहीं.

'गूढ बेटां'त मरणोन्मुख नेमो स्वतःच आपल्या कृत्याचा निवाडा मागतो. पुढील बैठकीस तेंच पुस्तक ठरलें आहे.