बेलरभर वाळू

पहाटे 4:50

चार बंकांची खोली, खिडकी नाही. एसीचा गारठा असा की गजराआधीच मामा उठून बसलेले. खरं नाव हजेरीच्या कागदावर. रिगवर सगळे मामाच म्हणतात, उरणचा हेल्परही आणि काकीनाड्याचे रफनेक, म्हणजे फ्लोअरवरचे कामगारही. बार्शी तालुक्यातले, वय सेहेचाळीस, आयटीआय फिटर. आधी गुडघ्यांना बाम, मग पायमोजे. बाकीच्यांची झोप मोडू नये म्हणून बामच्या डबीचं झाकणसुद्धा हळू फिरवतात.

मामा स्लिकलाइन ऑपरेटर. एका पोलादी तारेच्या टोकाला हत्यारं बांधायची आणि तेलाच्या, गॅसच्या विहिरीत सोडायची, हे काम. पंधराएक वर्षं मुंबई हायवर काढली. तिथं समुद्र पंच्याहत्तर-ऐंशी मीटर खोल. प्लॅटफॉर्मचे पाय तळात रोवलेले, युनिट मांडलं की जागचं हलत नाही. इथं, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, तळ अकराशे मीटरवर. पाय पोहोचत नाहीत. नांगरही टाकलेला नाही. ड्रिलशिप बुडाशी फिरणाऱ्या पंख्यांच्या, थ्रस्टरांच्या जोरावर विहिरीच्या डोक्यावर उभं आहे आणि रात्रंदिवस पोटातून घरघरतं आहे.

5:30

मेसमध्ये उपमा, उकडलेली अंडी, मशीनची कॉफी. पाठोपाठ मीटिंग. केरळी सुपरवायझर दिवसाचं काम सांगतो. खालची विहीर मागेच प्लग लावून बंद केलेली आहे. तो प्लग आता काढायचा. रिगच्या फ्लोअरपासून मोजलं तर तो 2,640 मीटरवर बसलाय. त्याच्यावर वाळू आणि गंजाचे पापुद्रे साचलेत, म्हणून आधी सफाई, मग प्लग.

कंपनी मॅन, म्हणजे तेल कंपनीचा रिगवरचा प्रतिनिधी, हवामानाचा कागद वाचतो. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राचा इशारा आहे: दक्षिणेकडून लांब लाटा, दुपारनंतर. आभाळ निरभ्र, वारा नाही. पण एप्रिल-मेमध्ये दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर चालत बंगालच्या उपसागरात येतात. वाऱ्याशिवाय येतात, म्हणून नवख्याला कळत नाहीत.

परमिटवर सह्या. मोबाइल इथंच ठेवायचे. बाहेर ठिणगीचं कुठलंही साधन चालत नाही. हा दिवस बघायला आलेल्या मलाही वही आणि पेन्सिल घेऊनच निघावं लागलं.

6:10

डेकवर उजेड झालाय. मामा आधी तारेची परीक्षा घेतात. जाडी 0.125 इंच, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरला जरा कमी. ड्रमवरचं टोक कापून एक तुकडा दोन जबड्यांत धरतात आणि पिळतात. हेल्पर मोठ्यानं वेढे मोजतो. तेविसाव्याला तुकडा तुटतो. ठरलेल्या किमानापेक्षा जास्त, म्हणजे तार अजून जिवंत आहे. तुटलेली टोकं मामा उन्हात धरून बघतात. सरळ, सपाट तुटलेली हवीत.

“कमी पिळांत तुटली असती तर?” मी विचारलं.

“मग अजून पन्नास मीटर कापायची. परत पिळायची.”

6:40

आता गाठ. या कामात मशीनला हात लावू न देता मामा स्वतः करतात असं हे एकच.

रोप सॉकेट म्हणजे बोटभर लांबीची पोलादी टोपी. तिच्यातून तार ओवायची, एका छोट्या खाचेच्या चकतीभोवती वळवायची आणि टोक तारेच्याच अंगावर गुंडाळायचं. वेढ्याला वेढा चिकटून हवा. मध्ये नख जाईल एवढीही फट नको, आणि तारेवर पान्याचा ओरखडा तर अजिबात नको. तार नेमकी ओरखड्यावर तुटते. व्हाइसमध्ये चकती, डाव्या हातात ताण, उजव्या हातानं वळण. मानेची शीर ताठ होते. सात वेढे झाले की उरलेलं टोक पुढेमागे वाकवून तोडतात. कापत नाहीत. कापलं की कुसळ राहतं आणि ते सॉकेटमध्ये अडकतं. मग चकती टोपीत ओढून बसवायची, आणि टोपी तारेभोवती मोकळी फिरते का ते बघायचं.

हातमोजे काखेत. “मोज्यात कळत नाही,” म्हणतात. नियमात मोजे हवेत. सुपरवायझर त्या वेळी नेमका दुसरीकडे बघत असतो. धक्का झेलणारे हे मोजे बाराशे-पंधराशेला जोडी, आणि महिन्याला दोनच मिळतात, तेही एक कारण असावं.

सॉकेटखाली वजनाचे दांडे, मग झटका देणारा जार, मग गुडघ्यासारखा वळणारा सांधा, शेवटी वाळू उपसणारा बेलर. मांडणी सहाएक मीटर लांब होते. मामा प्रत्येक तुकड्याची लांबी आणि जाडी वहीत लिहितात, चित्र काढून. खाली काही तुटून राहिलं तर पुढच्या माणसाला काय शोधायचं ते कळायला हवं.

7:50

फ्लोअरवर उभं राहिलं की आधी डोकं गरगरतं. डेरिकमध्ये लिफ्ट फ्रेम टांगलेली आहे, दोन मजली घराएवढी, तिच्यात फ्लोहेड, म्हणजे नळीच्या माथ्यावरच्या झडपा, आणि त्यावर आपला लुब्रिकेटर, हत्यारं आत-बाहेर घ्यायची दाबबंद नळी. ही फ्रेम वरखाली होताना दिसते, मीटर-सव्वा मीटर, संथ. खरं तर ती हलतच नाही. फ्रेम ज्या नळीला जोडलेली आहे, ती नळी समुद्रतळावरच्या विहिरीला घट्ट. हलतंय ते जहाज, आणि आपण जहाजावर. मधला फरक कॉम्पेन्सेटर खातो. तो अडकला तर लाटेचं सगळं बळ त्या नळीवर. म्हणून फ्रेममध्ये माणूस चढवताना ड्रिलर कुठल्याही गप्पांना उत्तर देत नाही.

उरणचा पोरगा हार्नेस घालून विंचनं वर जातो. वर पोचल्यावर जहाजातून फ्रेमवर पाय टाकायचा, तोही जहाज वर येईल त्या क्षणी. टाकला. ओ-रिंग बदलतो, नट आवळतो. वय बावीस. ठेकेदाराकडून दिवसाला बाराशे. पाण्यात उलट्या पडलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय रिगवर पाय ठेवता येत नाही. त्याचे पैसे त्यानं काकांकडून उसने घेतले, निम्मे अजून द्यायचेत. मामांना पगारावर समुद्रभत्ता, दिवसाला साडेतीन हजार. जहाजाचं रोजचं भाडं कोटींत आहे.

खाली दुसरा एक नवा हेल्पर तारेची खालची कप्पी डेकवरच्या कडीला अडकवायला निघालेला. मामा शिट्टी मारतात. कप्पी डेकला बांधली तर जहाज उचललं की तार ओढली जाणार, जहाज बसलं की सैल पडणार, आणि अडीच किलोमीटर खाली हत्यार नाचत राहणार. साखळी विहिरीला जोडलेल्या नळीच्या क्लॅम्पला. मुंबई हायवर हा विचारच करावा लागत नव्हता.

8:20

लुब्रिकेटरमध्ये ग्लायकॉल भरतात आणि 5,000 पीएसआयला दाब देतात. काटा स्थिर. तळाशी पाणी सहा-सात अंशांवर असतं. त्या थंडीत आणि दाबाखाली गॅस आणि पाणी एकत्र आलं की बर्फासारखा खडा धरतो, शून्याच्या वरच. त्याला हायड्रेट म्हणतात. तो नळीत धरला तर काम आठवडाभर थांबू शकतं. याच खोऱ्यात 2006 साली ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ या संशोधन जहाजानं तळाच्या गाळात अशाच हायड्रेटचे जाड थर शोधले होते. तो मोठा शोध. इथल्या पोरांच्या लेखी मात्र हायड्रेट म्हणजे डोकेदुखी.

8:50

केबिनमध्ये एक खुर्ची, एक लिव्हर, वजनाचा काटा, मीटरचा आकडा. तार सुटते. मिनिटाला साठ मीटर. तळावरचा बीओपी, म्हणजे विहिरीच्या तोंडावरचा झडपांचा संच, येतो तिथं मामा वेग निम्म्यावर आणतात. त्याच्या पोटात एक झडप बसवलेली आहे. थ्रस्टर बंद पडून जहाज भरकटलं आणि लाल दिवा लागला, तर ती तार कापते, विहीर बंद करते आणि जहाज वेगळं होतं. “आपली गाठ कितीही पक्की असू दे,” मामा म्हणतात, “ती कात्री विचारायला थांबत नाही.”

खाली जाता जाता काटा चढत राहतो. इतक्या तारेचं स्वतःचंच वजन दीडशे किलोच्या वर.

9:40

आकडा 2,637. काटा पडतो. टेकलं. प्लगच्या तीन मीटर आधीच वाळू.

मामा लिव्हर मागे घेतात, सोडतात. घेतात, सोडतात. बेलर म्हणजे दट्ट्या असलेली नळी. दट्ट्या वर आला की वाळू आत ओढली जाते आणि खालची गोळी तोंड बंद करते. अठरा-वीस झटके. हे सगळं समुद्रतळापासून दीड किलोमीटर खाली चाललंय, आणि इथं फक्त काट्याची सुई थरथरते. मी तिच्याकडे टक लावून बघत होतो. मला दहापैकी दोन झटके कळले.

10:45

बेलर वर. झडप बंद, दाब सोडला, लुब्रिकेटर उघडला. नळी प्लास्टिकच्या बादलीवर धरून झटकतात. चार लिटरभर. करडी वाळू, गंजाचे पापुद्रे, नळ्यांना लावायच्या ग्रीसचे काळे गोळे. कंपनी मॅन वाकून बोटांत चोळतो, थोडी पिशवीत भरतो, वर चिठ्ठी लावतो. प्रयोगशाळेत जाईल.

11:30 आणि पुढे

दुसरी फेरी. मामा उठत नाहीत. डाळ-भात आणि माशाचं कालवण ताटलीतून केबिनमध्ये येतं, लिव्हर सुपरवायझर धरतो, सात मिनिटांत जेवण. या फेरीला बेलर गच्च भरून येतो. बुडाच्या कडेला एक नवा चकचकीत ओरखडा आहे. लोखंडाला लागलाय.

1:50

आता शिशाचा ठोकळा. इम्प्रेशन ब्लॉक. बुडाला मऊ शिसं. खाली नेऊन एकदाच आपटायचा, दोनदा नाही. दुसऱ्यांदा आपटला की ठसे एकमेकांवर पडून वाचता येत नाहीत.

3:25

वर आल्यावर मामा ठोकळा उलटा करतात आणि चिंधीनं अलगद पुसतात. शिशात गोल कडा उमटली आहे, प्लगच्या मानेची. कॅलिपर लावतात. माप बरोबर. पण कडा अर्ध्या बाजूला खोल, अर्ध्या बाजूला पुसट, आणि पुसट बाजूच्या शिशात वाळूचे दाणे रुतलेले. मामा तिथून अंगठा फिरवतात, मग माझा हात धरून माझाही फिरवायला लावतात. खरखरतं.

कंपनी मॅनला लगेच ओढायचं हत्यार पाठवायचंय. लाटा यायच्या आत प्लगमधली प्राँग, म्हणजे मधली दांडी, काढली तर वरखालचा दाब सारखा होईल, रात्रीत प्लग बाहेर येईल. मामा नाही म्हणतात. एका बाजूला वाळू आहे, हत्यार तिरकं बसेल, अर्धवट पकडेल, मग सुटणार नाही. अजून एक बेलर. बोलणं हिंदीत चाललंय, आवाज कुणाचाच चढत नाही. सुपरवायझर ठोकळ्याकडे बघतो, मामांकडे बघतो आणि परमिटवर ‘बेलर, तिसरी फेरी’ असं लिहितो. माझ्या मते सबंध दिवसातलं सगळ्यात महाग काम या पाच मिनिटांत झालं.

3:50

लाटा आल्या. पांढरा फेस कुठंच नाही, समुद्र तेलासारखा गुळगुळीत, पण क्षितिज हळू उचलतं आणि हळू बसतं. सोळा सेकंदांना एक. फ्रेम आता अडीच मीटर वरखाली दिसते. माणूस वर चढवायची मर्यादा ओलांडली. काम बंद.

थांबणं हेही काम. झडपा बंद, तार सुरक्षित, दर अर्ध्या तासाला नोंद. पोरं कंटेनरच्या सावलीत बसून जार उघडतात, धुतात, तेल लावतात. उरणचा पोरगा बेलरची गोळी रॉकेलमध्ये घासत विचारतो, “मामा, थांबलं तरी दिवस धरतात ना?”

“धरतात. समुद्रावर पाय आहे तोवर दिवस आहे.”

कंपनी मॅन तेवढ्या वेळात तीनदा घड्याळ बघतो.

5:35

रात्रपाळीचा ऑपरेटर येतो. आसामचा, शिवसागरकडचा. मामा त्याला वही देतात, मांडणीचं चित्र दाखवतात, साखळी कुठं बांधली ते जागेवर नेऊन दाखवतात. शेवटी शिशाचा ठोकळा हातात देतात. तो काही न विचारता आधी पुसट बाजूवर अंगठा फिरवतो. “एक बेलर और,” तो म्हणतो. मामा मान हलवतात. प्लग निघाला तर तो याच्या पाळीत निघेल. अहवालात मामांच्या नावावर: दोन बेलर, अंदाजे नऊ लिटर, एक ठसा, लाटांमुळे थांबणं, एक तास पंचेचाळीस मिनिटं.

7:20

आंघोळ झाली. कव्हरऑल धुलाईला गेला. फोनसमोर रांग आहे, प्रत्येकाला दहा मिनिटं. मामांचा धाकटा भाऊ लाइनवर. बोअरची मोटर वर काढताना अडकली, साडेचारशे फुटांवर. मोटरवाला सहा हजार मागतो आणि ट्रॅक्टर लावून ओढतो म्हणतो. ज्वारी निघालीय, पण उसाला पाणी नाही.

“ट्रॅक्टर नको,” मामा म्हणतात. “चेनपुलीनं ओढ म्हणावं. थोडं ओढायचं, थोडं सोडायचं.”

पलीकडून बराच वेळ बोलणं. मागचा माणूस घड्याळ दाखवतो.

“बरं, दे सहा हजार. पण पाइप तुटून खाली राहिला तर काढायचा खर्च त्याचा, हे आधी दोन माणसांसमोर बोलून घे. आणि केबल वेगळी बांधून घे, पाइपाला गुंडाळू देऊ नकोस.”