विश्लेषण : धुक्यामुळे पुण्याची लाईट का जाते? आणि ग्रिड कोसळतं तेव्हा नेमकं चुकतं कुठे?

९ फेब्रुवारी २०२२. पहाटे सहाच्या सुमारास पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या भागाची लाईट एकदम गेली. वादळ नव्हतं, पाऊस नव्हता. कारण समोर आलं ते धुक्याचं. महापारेषणच्या लोणीकंद आणि चाकण इथल्या ४०० केव्ही उपकेंद्रांना जोडलेल्या टॉवर लाईन धुक्यात चार-पाच ठिकाणी ट्रिप झाल्या होत्या. सोशल मीडियावर साहजिकच थट्टा झाली. पण कारण खरं होतं.

उच्चदाबाची तार टॉवरला थेट बांधलेली नसते, मध्ये चिनी मातीच्या चकत्यांची माळ असते. तिला इन्सुलेटर म्हणतात. हिवाळ्यात पावसाने धुतली न गेलेली धूळ, धूर आणि कारखान्यांची काजळी तिच्यावर साचते. हा थर कोरडा असेपर्यंत फारसा त्रास देत नाही. धुक्याने तो ओला झाला की त्यातून वीज सरकू लागते आणि एका क्षणी ठिणगी थेट तारेवरून टॉवरवर उडी मारते. उत्तर भारतात हे जवळपास दर हिवाळ्यात घडतं.

ठिणगी उडाली की उपकेंद्रातला रिले तो बिघाड ओळखतो आणि सर्किट ब्रेकरला लाईन तोडायला सांगतो. सगळं मिळून सेकंदाच्या छोट्याशा अंशात. म्हणजे ‘ट्रिप’ होणं हा यंत्रणेचा बिघाड नसतो. तार वितळू नये, ट्रान्सफॉर्मर जळू नये म्हणून केलेला तो बचाव असतो. घरातला एमसीबी पडतो, तसंच.

प्रश्न त्यानंतर सुरू होतो. एक लाईन तुटली म्हणून वीज वाहायची थांबत नाही. तिचा भार उरलेल्या लाईनवर जातो. म्हणून जगभर ग्रिड चालवताना एक नियम पाळतात : कुठलीही एक लाईन कधीही गेली तरी बाकीच्यांना तिचा भार पेलता आला पाहिजे. ही शिल्लक आधीच खर्च झालेली असेल तर मात्र पुढची ट्रिप शहर अंधारात घालते.

१२ ऑक्टोबर २०२० : मुंबईचा अंधार

मुंबईची बरीचशी वीज बाहेरून, कळवा, पडघा, खारघर या उपकेंद्रांमार्गे येते. त्यातल्या दोन महत्त्वाच्या वाहिन्या पुण्याकडून जातात : एक कळव्याला, दुसरी खारघरला. त्या दिवशी पुणे-कळवा वाहिनी पहाटेच बंद पडली होती. पडघा-कळवा मार्गावरचं एक सर्किट दुरुस्तीसाठी बंद होतं. सकाळी दहाच्या आधी याच मार्गावरचं दुसरं सर्किटही बिघाडामुळे बंद करावं लागलं. उरलेला भार पुणे-खारघर वाहिनीवर आला आणि काही मिनिटांत तीही ट्रिप झाली. लोकल जागच्या जागी थांबल्या.

शेवटची लाईन तुटली तेव्हा अंधार झाला, पण शिल्लक पहाटेपासूनच कमी होत चालली होती. दोन वाहिन्या बंद असताना शहराचा थोडा भार आधीच कमी केला असता, म्हणजे काही भागांची लाईट मुद्दाम घालवली असती, तर बाकीचं शहर वाचण्याची शक्यता होती. हा निर्णय घेणं सोपं नसतं. लाईट घालवणाऱ्याला शिव्या मिळतात, आणि टळलेला अंधार कुणालाच दिसत नाही.

मुंबईकडे आणखी एक कवच होतं : आयलँडिंग, म्हणजे विजेचं बेट. १९८० च्या दशकापासूनची ही योजना. बाहेरचं ग्रिड डळमळलं की शहर आपोआप त्यापासून तुटायचं आणि ट्रॉम्बे, डहाणू आणि टाटांच्या जलविद्युत केंद्रांवर चालत राहायचं. त्या दिवशी बेट टिकलं नाही. आतली निर्मिती शहराच्या मागणीपुढे फारच तोकडी होती. अशा वेळी फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून झपाट्याने घसरते आणि स्वतःला वाचवण्यासाठी जनित्रंही बंद पडतात. डहाणूच्या केंद्रातून मात्र अत्यावश्यक सेवांना वीज देता आली. पुरवठा परत उभा करताना टाटांच्या जलविद्युत संचांचाही उपयोग झाला. (या संचांचं पाणी लोणावळा, मावळ, मुळशीच्या धरणांतलं. मुळशी सत्याग्रह ज्या धरणाविरुद्ध झाला, ते धरणही त्यातलंच.)

मग चिनी हॅकर?

हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताची शक्यता मांडली. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र ही मानवी चूक असल्याचं सांगितलं. ग्रिडवर सायबर हल्ल्याचा धोका खरा आहे. युक्रेनमध्ये २०१५ साली तसं घडलंही. पण वर सांगितलेला घटनाक्रम समजण्यासाठी हॅकरची गरज पडत नाही.

नियंत्रण यंत्रणा चुकते ती बहुतेक वेळा याहून साध्या कारणांनी. ३० जुलै २०१२ ला पहाटे बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्ही लाईन ट्रिप झाली आणि उत्तर भारत अंधारात गेला. त्या लाईनवर बिघाड नव्हताच. तिच्यावर इतका भार होता की रिलेने जादा भारालाच बिघाड समजून लाईन तोडली. दुसऱ्या दिवशी हीच लाईन पुन्हा गेली. या वेळी पूर्व आणि ईशान्य भारतही गेला, सुमारे ६२ कोटी लोकांच्या भागात वीज नव्हती. रिलेने त्याला दिलेली मर्यादा पाळली होती. ती मर्यादा बदललेल्या परिस्थितीला लागू होत नव्हती, एवढंच.

१४ ऑगस्ट २००३ चं अमेरिकेतलं प्रकरण याच्या उलट. ओहायोतल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे धोक्याच्या सूचना देणारी यंत्रणा गुपचूप बंद पडली. पडदे चालू होते, म्हणून कर्मचाऱ्यांना सगळं ठीक वाटत होतं. बाहेर एकेक लाईन झाडांना टेकून ट्रिप होत होती आणि लोक फोन करून विचारत होते. तासाभराहून जास्त वेळ असाच गेला. शेवटी सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. ‘अलार्म वाजत नाही’ याचे दोन अर्थ होऊ शकतात, हे तोवर त्या कक्षात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग बदललं काय?

मुंबईसाठी वर्षानुवर्षं रखडलेली खारघर-विक्रोळी ही ४०० केव्ही वाहिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. बाहेरची वीज आत आणायला आणखी एक वाट झाली. आयलँडिंगचा प्रश्न जास्त किचकट आहे. बेट तरावं म्हणून शहरातल्या शहरात निर्मिती चालू ठेवावी लागते आणि ती बाहेरच्या विजेपेक्षा महाग पडू शकते. स्वस्त वीज बाहेरून घेतली की बिल कमी येतं, पण बेट लहान होतं.

पुण्याकडे तर शहरात मोठं वीजनिर्मिती केंद्रच नाही. इथे सगळी भिस्त बाहेरून येणाऱ्या टॉवर लाईनवर. त्यामुळे पुण्यासाठीचे उपाय अगदी साधे वाटतात : हिवाळ्याआधी इन्सुलेटर धुणं, धुळीच्या पट्ट्यात चिनी मातीऐवजी पॉलिमरचे बसवणं, आणि एका उपकेंद्राचा भार दुसऱ्याला घेता येईल इतकी जागा राखून ठेवणं. इन्सुलेटर धुण्यासाठी अनेकदा लाईन काही तास बंद ठेवावी लागते, म्हणजे तेवढा वेळ शिल्लक पुन्हा एका लाईनने कमी. म्हणून ही कामं मागणी कमी असलेल्या वेळी, बाकीच्या लाईन शाबूत आहेत ना हे पाहून करावी लागतात.