मेंदू आणि संगणक यांची जोडणी : उपचार की बुद्धिवर्धन?

मानेजवळ मज्जारज्जूला इजा झाली की हातपाय निश्चेष्ट होतात. परंतु हालचालीची आज्ञा देणारा मेंदूचा भाग बहुधा शाबूत असतो. आज्ञा निघते, ती वाटेत अडते. मेंदू-संगणक जोडणीचे तंत्र याच वस्तुस्थितीवर उभे आहे.

मेंदूतील पेशी सूक्ष्म विद्युत्संकेतांनी कार्य करतात. १९२४ साली जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूच्या विद्युत्लहरींचे पहिले आलेखन केले. डोक्याच्या त्वचेवरून मिळणारे संकेत कवटीमुळे अस्पष्ट होतात. स्पष्ट संकेतांसाठी शस्त्रक्रिया करून मेंदूतच इलेक्ट्रोड बसवावे लागतात. संकेत आणि रुग्णाची इच्छा यांची सांगड घालण्यास संगणक सरावाने शिकतो.

२००४ साली अमेरिकेत, मानेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत ९६ इलेक्ट्रोडची, सुमारे ४ मिलिमीटर लांबी-रुंदीची चकती बसविण्यात आली. केवळ हालचालीची इच्छा करून त्याने संगणकाच्या पडद्यावरील कर्सर हलविला, दूरचित्रवाणी संच चालविला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पक्षाघातग्रस्त महिलेने यांत्रिक हाताकरवी बाटली तोंडाशी आणून कॉफी घेतली. सुमारे १५ वर्षांनंतर हे काम तिने स्वतःच्या इच्छेने केले. २०२३ साली, चेतापेशींच्या व्याधीने वाचा अस्पष्ट झालेल्या रुग्णाचे मनोगत मिनिटाला ६२ शब्दांच्या वेगाने पडद्यावर उमटले. मात्र मोठ्या शब्दसंग्रहात चारांपैकी जवळजवळ एक शब्द चुकत होता.

या तंत्राने निरोगी माणसाची बुद्धी वाढेल काय, असा प्रश्न आता विचारला जातो. २०१८ साली अपस्माराच्या काही रुग्णांत, तपासणीसाठी आधीच बसविलेल्या इलेक्ट्रोडद्वारे उत्तेजन दिल्यावर स्मरणशक्तीच्या चाचणीत सुमारे ३५ टक्के सुधारणा आढळली. परंतु हे यश मोजक्या रुग्णांपुरते आणि ठराविक चाचणीपुरते होते. त्यावरून निरोगी व्यक्तीची प्रज्ञा वाढेल, असे म्हणता येत नाही.

शिवाय मेंदूवरील शस्त्रक्रियेत रक्तस्राव व जंतुसंसर्गाचा धोका असतो. इलेक्ट्रोडभोवती व्रणपेशी वाढून कालांतराने संकेत क्षीण होऊ शकतात. ज्याची वाचा गेली आहे, तो हा धोका समजून-उमजून पत्करू शकतो. परीक्षेत चार गुण अधिक मिळावेत म्हणून तो पत्करणे समर्थनीय ठरत नाही. मेंदूतील संकेतांवर मालकी कोणाची, हा प्रश्नही कायद्याने सोडवावा लागेल.

गमावलेले परत मिळवून देणे हे वैद्यकाचे पहिले कर्तव्य होय. परावलंबी रुग्णाला ‘पाणी हवे’ एवढे स्वतः सांगता येणे, हेच या तंत्राचे आजचे खरे मोल आहे.