मोटारगाडी तंत्रज्ञ : प्रशिक्षण व पात्रता

मोटारगाडीतील बिघाड शोधून तिची दुरुस्ती व देखभाल करणाऱ्या कुशल कारागिरास मोटारगाडी तंत्रज्ञ म्हणतात. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेनुसार औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत (आयटीआय) हा व्यवसाय शिकविला जातो. ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ हा पाठ्यक्रम दहावी उत्तीर्ण उमेदवारांसाठी असून त्याची मुदत २ वर्षे आहे. अखिल भारतीय परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये कारखान्यात विद्यावेतनावर प्रत्यक्ष काम शिकता येते.

नागपूर जिल्ह्यातील भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावी अनेकजण गॅरेजात वस्तादाच्या हाताखालीच हे काम शिकतात. त्यांचे कसब खरे असले, तरी प्रमाणपत्राअभावी नोकरीत त्यांची अडचण होते. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांमुळे दुचाकींतही कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण रूढ झाले; त्यामुळे एंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणे पुरेसे राहिले नाही. अशा अनुभवी कारागिरांसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत (२०१५) पूर्वप्राप्त कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद करण्यात आली.